फाईल परत देताना

२०२० च्या टाळेबंदीत कचेऱ्या बंद पडल्या, टपाल रखडलं आणि वर्षानुवर्षं पाकिटातल्या अर्जांवर चाललेल्या एका शिष्यवृत्ती-संस्थेला घाईने ऑनलाइन व्हावं लागलं. कुणीतरी त्यांना जँगो या फ्रेमवर्कमध्ये संकेतस्थळ बांधून दिलं. पुढच्या वर्षी ते काम माझ्याकडे आलं. फोनवर मला इतकंच सांगण्यात आलं, "बाकी सगळं चालतंय हो. फक्त कागद अपलोड होताना पोरांना जरा त्रास होतो. तेवढं बघून द्या."

अर्जासोबत सात कागद लागत. गुणपत्रक, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, अधिवास दाखला, कॉलेजचं बोनाफाईड, आधार, बँक पासबुकाचं पहिलं पान आणि घरी शेती असेल तर ७/१२ उतारा. अर्ज करणारी मुलं आटपाडी, जत, किनवट, अक्कलकुवा अशा गावांकडची. बहुतेकांकडे संगणक नव्हता. मोबाइलने फोटो काढायचा आणि तोच चढवायचा. कार्यालय एक ताई सांभाळत. आलेले कागद उतरवून घेणं, तपासणं आणि निवड समितीपुढे ठेवणं हे त्यांचं काम. म्हणजे संकेतस्थळाच्या एका टोकाला मुलं होती, दुसऱ्या टोकाला ताई, आणि मधला रस्ता मला दुरुस्त करायचा होता. तक्रार सगळी मुलांच्या टोकाची होती. खरी दुखणी ताईंच्या टोकाला निघाली.

फाईल वेबवरून कशी जाते हे आधी थोडक्यात सांगतो. वेबच्या सुरुवातीच्या वर्षांत फॉर्ममधून फक्त मजकूर जात असे. नोव्हेंबर १९९५ मध्ये झेरॉक्स कंपनीतल्या नेबेल आणि मॅसिंटर या दोघांनी आरएफसी १८६७ हा दस्तऐवज लिहिला आणि फॉर्ममधून फाईल पाठवायची रीत मांडली. तीच रीत, दुरुस्त्यांसह, आजही चालते. ब्राउझर फॉर्ममधल्या प्रत्येक रकान्याचा वेगळा भाग करतो, दोन भागांमध्ये स्वतः तयार केलेली एक खूण टाकतो आणि सगळं एका प्रवाहात सोडून देतो. या पद्धतीचं नाव मल्टिपार्ट फॉर्म-डेटा. फॉर्म लिहिताना ती सांगायची राहिली तर ब्राउझर फाईलचं फक्त नाव पाठवतो, फाईल जागेवरच राहते. नवशिक्यांचे कितीतरी तास यात जातात, कारण कुठेही चूक दाखवली जात नाही.

सर्व्हरवर आलेला हा प्रवाह उलगडून भाग वेगळे करायचं किचकट काम फ्रेमवर्क करतं. जँगोचा जन्म अमेरिकेतल्या कॅन्ससमधल्या लॉरेन्स गावच्या वृत्तपत्रात झाला. ते बनवणारे एड्रियन होलोव्हाटी आणि सायमन विलिसन तिथे नोकरीला होते. जुलै २००५ मध्ये हे फ्रेमवर्क सर्वांसाठी खुलं झालं. छपाईच्या वेळेला बांधलेल्या माणसांनी ते घडवलं असल्यामुळे रोजच्या गरजा त्यात तयार मिळतात, फाईल घेणं त्यातलंच एक. मॉडेलमध्ये, म्हणजे डेटाबेसच्या आराखड्यात, फाईलचा रकाना जाहीर करायचा, कुठल्या फोल्डरात ठेवायची ते सांगायचं, की दहा-बारा ओळींत काम होतं. आधीच्या माणसाने नेमकं तेवढंच केलं होतं, आणि त्याच्या लॅपटॉपवर ते नक्कीच चाललं असणार.

पहिला फोन मी एका विद्यार्थ्यालाच केला. तो म्हणाला, "सर, फोटो निवडून सादर केलं तरी अर्ज जातच नाही. बराच वेळ फिरतं आणि मग पांढऱ्या पानावर इंग्रजीत काहीतरी येतं." ते इंग्रजी म्हणजे "४१३ रिक्वेस्ट एंटिटी टू लार्ज". जँगोच्या नोंदवहीत याचा मागमूस नव्हता. त्याच्या लेखी असा विद्यार्थी आलाच नव्हता. कारण जँगोच्या पुढे एन्जिनएक्स नावाचा वेब सर्व्हर उभा असतो, आणि वेगळं काही सांगितलं नाही तर तो १ एमबीपेक्षा मोठी विनंती आत सोडत नाही. सोसायटीच्या वॉचमनने पार्सल फाटकावरूनच परत पाठवावं आणि घरच्यांना कळूही नये, तसा हा प्रकार. एन्जिनएक्सच्या स्वतःच्या नोंदवहीत मात्र अशा परतवलेल्या विनंत्यांची रांग लागली होती. मोबाइलचा साधा फोटो ३-४ एमबीचा असतो. म्हणजे ज्याचा कॅमेरा जरा बरा, त्याचा अर्ज बाहेर राहणार.

मर्यादा वाढवणं एका ओळीचं काम आहे. किती वाढवायची, हे ठरवायला मात्र आतलं माहीत असावं लागतं. जँगो अडीच एमबीपर्यंतची फाईल थेट मेमरीत धरतो. त्याहून मोठी असली तर डिस्कवरच्या तात्पुरत्या फाईलमध्ये उतरवतो. पुढे ती वाचतानाही ६४ केबीचे तुकडे करून वाचायची सोय आहे. आधीच्या कोडमध्ये प्रत्येक फाईल एका दमात पूर्ण मेमरीत ओढली जात होती. इतर दिवशी हे खपून जातं. पण अर्जाच्या शेवटच्या तारखेला, संध्याकाळी सात ते रात्री बारा, निम्मा महाराष्ट्र आपल्याच सर्व्हरवर आल्यासारखा वाटतो. तेव्हा १ जीबी मेमरीचा स्वस्त सर्व्हर जमिनीवर येतो. मी तुकड्यांनी वाचायला लावलं, कागदामागे ८ एमबीची मर्यादा घातली आणि ती फॉर्मवर मराठीत लिहिली. शिवाय फोटो ब्राउझरमध्येच लहान करून पाठवायची सोय केली, कारण खेड्यातल्या मुलाचा डेटा पॅक हाही पैसाच आहे.

तरी फोन थांबले नाहीत. सातही कागद एकाच फॉर्ममध्ये निवडून शेवटी एकदाच "सादर करा" दाबायचं, अशी मूळ रचना होती. सगळ्या कागदांचं ते एकत्र ओझं डोंगराआडच्या नेटवर्कवर मध्येच तुटे. एन्जिनएक्स संपूर्ण विनंती स्वतःकडे गोळा होईपर्यंत जँगोला काही देत नाही, आणि मध्येच ६० सेकंद काहीच आलं नाही तर तो वाट पाहणं सोडतो. सहा कागद पोचून सातवा अर्ध्यात अडकला, तर पोचलेले सहाही वाया.

याहून जाचक प्रकार दुसराच होता. पिनकोड चुकला तर सर्व्हर फॉर्म परत दाखवतो. नाव, पत्ता, गुण सगळं भरलेलं असतं आणि फायलींचे सात रकाने मात्र रिकामे. हा कुणाच्या कोडचा दोष नाही. फाईलचा रकाना सर्व्हरला भरता येऊ नये अशी ब्राउझरची मुद्दाम केलेली बंदी आहे. नाहीतर कुठलंही संकेतस्थळ तुमच्या संगणकावरची हवी ती फाईल गुपचूप मागून घेईल. बंदी योग्यच आहे, पण पिनकोडच्या एका आकड्यापायी मुलं सातही कागद पुन्हा चढवत होती, आणि काहीजण कंटाळून सोडून देत होती.

उपाय रचना बदलण्याचा होता. प्रत्येक कागद निवडल्याबरोबर तो एकटाच वर जाईल, पोचला की शेजारी हिरवी खूण येईल आणि अर्ज अर्धवट ठेवून दुसऱ्या दिवशीही पुढे चालू करता येईल, असं केलं. मग ताईंचा फोन आला, "यंदा सारखं कुणी विचारत नाहीये, माझा कागद पोचला का म्हणून." पोचपावतीची किंमत ताईंना माझ्याआधी कळलेली होती. पाकिटांच्या काळात त्या प्रत्येक अर्जाला पोस्टकार्ड पाठवत.

मुलांची बाजू मार्गी लागल्यावर मी ताईंच्या खुर्चीशेजारी जाऊन बसलो. त्यांनी उतरवून घेतलेल्या कागदांचं फोल्डर उघडलं, आणि मी बघत राहिलो. नावं होती "सतबर_उतर", "उतपननच_दखल", "शल_गणपतरक". ताई सहज म्हणाल्या, "मुलांना टायपिंग जमत नाही हो. काना-मात्रा देतच नाहीत."

मुलांनी काना-मात्रा दिल्या होत्या. त्या जँगोने काढल्या होत्या. वेडीवाकडी चिन्हं असलेलं नाव डिस्कवर जाऊ नये म्हणून जँगो प्रत्येक नाव गाळून घेतो. अक्षर, अंक, टिंब, आडवी रेघ आणि अधोरेघ ठेवायची, जागेची अधोरेघ करायची, उरलेलं टाकून द्यायचं. आता अक्षर कशाला म्हणायचं, हे तो पायथनच्या नमुना-शोध यंत्रणेला विचारतो. त्या यंत्रणेच्या लेखी स, त, ब, र ही अक्षरं आहेत. काना, वेलांटी, उकार, मात्रा, अनुस्वार आणि हलन्त ही युनिकोडच्या वर्गवारीत जोडचिन्हं आहेत, अक्षरं नव्हेत. म्हणून ती गळतात. "सातबारा"चं "सतबर" होतं, "ज्ञानेश्वर"चं "जञनशवर". शीला आणि शैला या दोन वेगळ्या मुली "शल" या एकाच नावाखाली येतात. त्यांच्या फायली एकमेकींवर चढत नाहीत, कारण नाव आधीच घेतलेलं असेल तर जँगो शेवटी सात यादृच्छिक अक्षरं जोडतो. पण कुठली शीलाची आणि कुठली शैलाची, हे नावावरून ताईंना कळायचा मार्ग उरत नाही. इंग्रजी नावांना या चाळणीचा धक्का लागत नाही, म्हणून ती बनवणाऱ्यांना ते जाणवलं नसावं. मराठीत काम करणाऱ्याला मात्र पहिल्याच दिवशी दिसतं, त्याने ताईंचं फोल्डर उघडून पाहिलं तर.

"७/१२"ची तऱ्हा आणखी निराळी. कागदाच्या प्रकारावरून फाईलला नाव द्यायचं, असं कोडमध्ये एके ठिकाणी केलं होतं. लिनक्समध्ये तिरकी रेघ फोल्डर वेगळं करते. त्यामुळे सर्व्हरवर "७" नावाचं फोल्डर आणि त्यात "१२" ने सुरू होणाऱ्या फायली अशी चोख व्यवस्था आपोआप तयार झाली होती. तलाठी कार्यालयाबाहेर ७ आणि १२ वेगळे झालेले मी तिथेच पाहिले.

लांबीचाही प्रश्न असतो. लिनक्सच्या नेहमीच्या फाईल-व्यवस्थेत नावाला २५५ बाइटची मर्यादा आहे. इंग्रजी अक्षर एका बाइटचं, तर देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह युटीएफ-८ मध्ये तीन बाइटचं. म्हणजे आपल्या वाट्याला काना-मात्रांसकट ८५ चिन्हं येतात. "माझ्या वडिलांच्या उत्पन्नाचा दाखला तहसीलदार यांच्या सहीशिक्क्यासह" असं नाव देणारा विद्यार्थी या काठाकडे बराच सरकतो.

नावातून धोकाही येतो. नाव पाठवतो ब्राउझर, म्हणजे पलीकडचा माणूस, आणि त्यात "दोन टिंबं आणि तिरकी रेघ" असा वरच्या फोल्डरात चढायचा जिना घालता येतो. एप्रिल आणि मे २०२१ मध्ये खुद्द जँगोने याच प्रकारच्या फटी बुजवणाऱ्या सुरक्षा-दुरुस्त्या काढल्या. इतकी काळजी घेणाऱ्यांकडेही फट राहू शकते, तर पाठवणाऱ्याच्या नावावर आपण विसंबायचंच कशाला?

म्हणून मी दोन नावं वेगळी केली. डिस्कवर प्रत्येक फाईलला सर्व्हरने दिलेलं एक लांबलचक यादृच्छिक ओळखचिन्ह. ते कुणाला वाचायचं नाही, अंदाजाने सांगता येत नाही आणि काना-मात्रांशी त्याचं देणंघेणं नाही. मुलाने दिलेलं मूळ नाव जसंच्या तसं डेटाबेसमध्ये. तिथे ते निव्वळ मजकूर असतं, त्यातून कुठलंही फोल्डर उघडत नाही.

मग आतल्या मजकुराकडे वळलो. फाईल कोणत्या प्रकारची हे ब्राउझर सांगतो, पण तो नावाची शेपटी बघून सांगतो. वर्डच्या फाईलचं नाव बदलून शेवटी "पीडीएफ" लिहिलं तर ब्राउझर तिला पीडीएफच म्हणणार. काही मुलांनी तसं केलंही होतं, लबाडीने नव्हे, फॉर्मवर "फक्त फोटो किंवा पीडीएफ" लिहिलं होतं म्हणून. खरा प्रकार फाईलच्या पहिल्या काही बाइटांवरून ओळखता येतो. पीडीएफच्या सुरुवातीला टक्क्याचं चिन्ह आणि पीडीएफ ही अक्षरं असतात. वर्डची नवी फाईल आतून झिप असते, म्हणून तिच्या आरंभी पीके येतं, ती झिपचा कर्ता फिल कॅट्झ याची आद्याक्षरं. मी ही पहिली खूण तपासायला लावली, आणि न जुळल्यास "फाईल अवैध" असं रुक्ष न सांगता "ही वर्डची फाईल आहे, फोटो किंवा पीडीएफ पाठवा" असं सांगायला लावलं.

फोटोंचे दोन खोडे निघाले. मोबाइल उभा धरला तरी फोटो अनेकदा आडवाच साठतो आणि "मला वळवून दाखवा" अशी चिठ्ठी आत ठेवली जाते. ती न वाचणाऱ्या प्रोग्रॅममध्ये गुणपत्रिका कुशीवर झोपलेली दिसते. दुसरं म्हणजे कॅमेऱ्यात ठिकाणाची नोंद चालू असेल तर त्याच चिठ्ठीत घराचे अक्षांश-रेखांश असू शकतात. आपण मागितलं होतं गुणपत्रक. घराचा नकाशा मागितला नव्हता. पिलो या पायथनच्या चित्र-ग्रंथालयाने फोटो उघडून, सरळ करून, नव्याने साठवला की दोन्ही प्रश्न सुटतात. शिवाय वरून चित्र आणि पोटात एचटीएमएल असा दगाफटकाही या नव्याने लिहिण्यात बहुतेक गळून पडतो.

आता ज्याला कुणी त्रास म्हणत नव्हतं, तिकडे येतो. डाउनलोड. ताईंनी एका कागदावर क्लिक केलं आणि तो उघडला. मी तो पत्ता दुसऱ्या ब्राउझरमध्ये टाकला, जिथे कुणीच लॉगिन केलेलं नव्हतं. कागद तिथेही उघडला. चढवलेल्या फायलींचं अख्खं फोल्डर एन्जिनएक्सने जगाला खुलं ठेवलं होतं. जँगो शिकवणाऱ्या लेखांमध्ये सुरुवातीला असंच दाखवतात, कारण उदाहरणात फोटो प्रोफाइलचे असतात. इथे आधार आणि पासबुकं होती. जुन्या फायलींच्या पत्त्यात साल, महिना आणि फाईलचं नाव इतकंच. एखाद्या महिन्यात "आधार" हे नाव पहिल्यांदा देणाऱ्या मुलाची फाईल, चाळणीतून गळून, "आधर" या नावाने ठरलेल्या पत्त्यावर बसलेली. तो पत्ता ओळखायला कुणा हॅकरची गरज नव्हती.

अर्जाच्या पानाचंही तसंच होतं. लॉगिन लागत होतं, पण पत्त्यातला अर्ज-क्रमांक एकाने वाढवला की पुढच्या मुलाचा अर्ज दिसे. मी चाचणीची दोन खाती उघडून विश्वस्तांना हे करून दाखवलं. खोली शांत झाली. एकांनी विचारलं, "पण असं मुद्दाम कोण करेल?" मी म्हटलं, "चुकून आकडा बदलला तरी दिसतं, सर." वेब सुरक्षेवर काम करणाऱ्या ओवास्प या संस्थेच्या २०२१ च्या यादीत हाच दोष, म्हणजे कुणाला काय पाहता यावं यावरचं सुटलेलं नियंत्रण, पहिल्या क्रमांकावर आहे.

दुरुस्ती अशी. फायलींचं फोल्डर बाहेरून बंद. प्रत्येक डाउनलोड आधी जँगोकडे येणार. जँगो पाहणार की हा माणूस कोण, हा कागद त्याचा आहे का, किंवा तो तपासणाऱ्यांपैकी आहे का. हो असेल तर नोंद करून पुढे. पण मोठी फाईल स्वतः जँगोने वाहून नेली तर मंद नेटवर्कवर एक कामकरी प्रक्रिया मिनिटच्या मिनिटं अडकून पडते. म्हणून जँगो रिकामं उत्तर देतो, त्यात फक्त एक शीर्षक घालतो, एक्स-अ‍ॅक्सेल-रीडायरेक्ट, आणि फाईल कुठे आहे ते एन्जिनएक्सला सांगतो. पुढची वाहतूक एन्जिनएक्सची. परवानगी ज्याला कळते त्याने द्यावी, ओझं ज्याला पेलतं त्याने न्यावं. तुटलेलं डाउनलोड तिथूनच पुढे सुरू करणंही एन्जिनएक्सला येतं, ते फुकटात मिळालं.

हे बसवल्यावर एक चमत्कारिक गोष्ट दिसली. लहान फायली उतरत होत्या, मोठ्या उतरताना "४०३, मनाई". परवानगीचा माझा कोड दोघांना सारखाच होता. उत्तर त्या अडीच एमबीच्या रेषेत होतं. मेमरीतून डिस्कवर लिहिलेल्या फायली सर्वांना वाचता येतील अशा तयार होत. तात्पुरत्या फाईलमधून हलवलेल्या मोठ्या फायली मात्र फक्त मालकाला वाचता येतील अशाच राहत, आणि एन्जिनएक्स वेगळ्या वापरकर्त्याच्या नावाने चालत असल्याने त्याला त्या उघडेनात. संकेतस्थळ जँगोच्या २.२ या आवृत्तीवर होतं. ३.० पासून जँगोने दोन्हींना एकच नियम लावला आहे. मी जुन्या फायलींचे हक्क सारखे केले आणि संकेतस्थळ ३.२ वर नेलं.

उतरलेल्या फाईलला कोणतं नाव मिळावं, हे कंटेंट-डिस्पोझिशन या शीर्षकातून ब्राउझरला सांगावं लागतं. ही शीर्षकं इंग्रजी अक्षरांसाठी घडलेली. देवनागरी नाव पाठवायची मान्य रीत म्हणजे त्याचा प्रत्येक बाइट टक्क्याच्या चिन्हासह लिहायचा. "सातबारा" या सात चिन्हांच्या शब्दाचे असे ६३ वर्ण होतात. जँगोचा फाईल-रिस्पॉन्स हे आपण होऊन करतो. आपण फाईल एन्जिनएक्सच्या हाती सोपवतो तेव्हा ते शीर्षक आपल्यालाच नीट लिहावं लागतं. ताईंना नाव कसं हवं ते मी त्यांनाच विचारलं. "अर्ज-क्रमांक आधी, मग आडनाव, मग कागद. म्हणजे फोल्डरात आपोआप ओळीने लागतात," त्या म्हणाल्या. पाकिटांच्या कपाटाची लावणी तीच होती. ७/१२ पुरती तिरकी रेघ काढून "सातबारा" असं लिहिलं.

समितीसाठी सगळे कागद एका झिपमध्ये हवे होते. ती मेमरीत बांधायला गेलं की सर्व्हर दमतो, आणि जँगो चालवणारा गनिकॉर्न हा सर्व्हर ३० सेकंदांत उत्तर न देणारी कामकरी प्रक्रिया मारून टाकतो. म्हणून झिप रात्री पार्श्वभूमीत, थेट डिस्कवर, आवळून न बांधता तयार होते, कारण फोटो आणि पीडीएफ आधीच आवळलेले असतात. अर्जदारांची यादी एक्सेलमध्ये उघडल्यावर मराठीऐवजी परक्या चिन्हांचा सडा पडे. यादीच्या सीएसव्ही फाईलच्या आरंभी युटीएफ-८ ची ओळख सांगणारे तीन बाइट घातले आणि यादी मराठीत आली. ताईंच्या लेखी माझं सगळ्यात मोठं काम हेच.

शेवटचा प्रश्न पुसण्याचा. अर्ज डेटाबेसमधून काढला तरी जँगो त्याची फाईल डिस्कवरून काढत नाही. २०११ च्या १.३ आवृत्तीपासून हे मुद्दाम तसं आहे. डेटाबेसचा व्यवहार मागे फिरवता येतो, पुसलेली फाईल परत येत नाही. धोरण शहाणं आहे, पण परिणाम असा की नाकारलेल्या, मागे घेतलेल्या, चाचणीच्या सगळ्या अर्जांची आधारकार्डं डिस्कवर तशीच पडून होती. व्यवहार पक्का झाल्यावर फाईल पुसायची, आणि निवड संपल्यावर ठरावीक मुदतीने नाकारलेल्या अर्जांचे कागद काढून टाकायचे, असा नियम विश्वस्तांकडून लिहून घेतला. हेतू संपला की, दुसऱ्या कुठल्या कायद्याने ठेवणं बंधनकारक नसेल तर, माहिती पुसावी, हे २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यातही आता लिहिलेलं आहे. हाच नियम बॅकअपच्या प्रतींनाही लागला पाहिजे, नाहीतर पुढच्या दारातून काढलेला कागद मागच्या दारात पडून राहतो.

या कामानंतर माझी एक सवय झाली आहे. कुणीही "फाईल अपलोडची सोय हवी" म्हणालं की मी फॉर्मला हात लावत नाही. आधी विचारतो, हा कागद परत कोण मागणार, कोणत्या नावाने मागणार, कुणाला नाही म्हणायचं आणि किती दिवसांनी तो नाहीसा व्हायला हवा. या चार उत्तरांतून अपलोडचा निम्मा कोड ठरून जातो. फ्रेमवर्क फाईल आत घ्यायला समर्थ आहे. कुणाला द्यायची हे त्याला माहीत नसतं, ते आपणच सांगायचं असतं.

आणि तुम्ही प्रोग्रॅमर नसाल, पण एखादी शाळा, पतसंस्था किंवा मंडळ चालवत असाल आणि लोकांचे कागद ऑनलाइन घेत असाल, तर एवढं आजच करा. तुमच्या संकेतस्थळावर चढवलेल्या एखाद्या कागदाचा पत्ता कॉपी करा, लॉगिन न केलेल्या दुसऱ्या मोबाइलवर तो उघडून बघा. कागद दिसला, तर संकेतस्थळ बांधणाऱ्याला त्याच दिवशी फोन करा.